पायाखालचा साग : डोंगरावरच्या लाकडी जमिनीचा इतिहास

१/
जुनी वास्तू पाहायला गेलो की आपली नजर सहसा वर जाते. घुमट, कमानी, झुंबरे, कोरीव छत. पायाखाली आपण पाहतो ते केवळ उंबरठ्याला ठेच लागू नये म्हणून. आज जरा उलट करू. डोंगरावरच्या घरांतील लाकडी जमीन आज आपला विषय आहे. तिच्यासाठी कोणते झाड निवडीत, ती कशी बसवीत, आणि ती फळी डोंगरमाथ्यावर पोहोचावी म्हणून कोणाला काय मोजावे लागले? वाटेत सिमला लागेल, मंडाले लागेल आणि शेवटी आपली रत्नागिरीही लागेल. धागा लांब आहे. सावकाश वाचा.

२/
प्रथम मूळ प्रश्न. डोंगरावर दगडाला तोटा नाही, मग जमीन लाकडाची कशासाठी? कारण थंडी. दगड पायाची ऊब झपाट्याने ओढून घेतो. लाकडाच्या पेशींत हवा कोंडलेली असते, म्हणून ते उष्णता फार मंदपणे वाहून नेते. एकाच खोलीत, एकाच तपमानाला ठेवलेली फरशी गार लागते आणि फळी कोमट लागते, त्याचे कारण एवढेच. शिवाय वरच्या मजल्यांवर दगडी जमिनीचे ओझे भिंतींना पेलत नाही. आपल्याकडच्या वाड्यांतही मजला उभा राही तो कडीपाटावर, म्हणजे लाकडी कड्यांवर आडव्या घातलेल्या फळ्यांवर.

३/
परंतु लाकूड तोडले तरी त्याचे हवेशी नाते तुटत नाही. हवा दमट झाली की ते ओलावा शोषून फुगते. हवा कोरडी झाली की ओलावा सोडून आकसते. खोलीतील हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल, तर लाकडात साधारण ६ टक्के पाणी उरते. तीच आर्द्रता ८० टक्के झाली की पाणी १६ टक्क्यांच्या आसपास जाते. हिमालयातील घरात हे दोन्ही टोकांचे ऋतू एकाच वर्षात येतात. श्रावणात ढग खिडकीतून आत शिरतात, आणि पौषात बंद खोलीत शेगडी पेटते तेव्हा हवा पापडासारखी कोरडी होते.

४/
याचा परिणाम किती? पाटीवर मांडून पाहू. चार मीटर रुंदीची खोली घ्या आणि लाकडातील ओलाव्यात १० टक्क्यांचा फरक धरा. अमेरिकेतील रेड ओकच्या साध्या चिरलेल्या फळ्या असतील, तर सगळी जमीन मिळून सुमारे १५ सेंटिमीटर हलू पाहते. त्याच पद्धतीने चिरलेला साग साडेसात सेंटिमीटरच्या आत राहतो. आणि सागाचा ओंडका गाभ्यापासून बाहेरच्या दिशेने, म्हणजे वार्षिक वलयांना काटकोनात चिरला, तर हाच आकडा चार सेंटिमीटरवर येतो. लांबीच्या दिशेने मात्र लाकूड जवळजवळ हलतच नाही. सुताराची सारी विद्या या असमानतेवर उभी आहे.

५/
साग राजमान्य का झाला, हे या आकड्यांतून उमगते. तो कमी हलतो. त्याच्या अंगच्या तेलामुळे वाळवी आणि बुरशी त्याच्यापासून दूर राहतात. ओक लाकडातील आम्लाने लोखंडी खिळा गंजतो, तसा तो सागात गंजत नाही. म्हणूनच जहाजबांधणीत त्याला मान होता. मुंबईच्या गोदीत १८१७ साली वाडिया कारागिरांनी सागात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर आहे. जे लाकूड समुद्रात दोनशे वर्षे टिकते, ते डोंगरावरच्या धुक्यात टिकेल, असा हिशेब कोणीही करील.

६/
मात्र इंग्रज येण्यापूर्वी हिमालयात चांगली जमीन नव्हती, असे समजू नका. हिमाचलातील काठकुणी घरे पाहा. देवदाराच्या तुळयांचा एक थर, त्यावर सुक्या दगडांचा एक थर, मध्ये चुना नाही, सिमेंट नाही. तळमजल्यावर गुरे, वर माणसे, आणि दोहोंमध्ये देवदाराच्या फळ्यांची जमीन. गोठ्यातील ऊब फळ्यांतून वर येई. जनावरे ही त्या घराची शेगडीच होती. सराहनचे भीमाकाली मंदिर याच बांधणीचा भव्य नमुना आहे. लाकूड जवळचे, कारागीर गावचा, आणि दुरुस्तीसाठी लागणारे झाडही त्याच उतारावर वाढणारे.

७/
येथे एक गंमत ध्यानात ठेवा. बाजारात ‘हार्डवुड’ आणि ‘सॉफ्टवुड’ असे दोन शब्द चालतात, पण त्यांचा कठीणपणाशी थेट संबंध नाही. रुंद पानांच्या झाडाचे लाकूड ते हार्डवुड; सूचिपर्णी झाडाचे ते सॉफ्टवुड. साग, ओक, अक्रोड, शिसव पहिल्या वर्गात येतात. देवदार, चीड, कैल दुसऱ्या वर्गात. या व्याख्येने अत्यंत हलके बाल्सा लाकूडही हार्डवुडच ठरते! देवदार सॉफ्टवुड असूनही त्याच्या सुगंधी तेलामुळे किडीला दाद देत नाही. तेव्हा नावावरून लाकूड पारखू नये, स्वभावावरून पारखावे.

८/
आता सिमल्याकडे वळू. १८१९ मध्ये लेफ्टनंट रॉस नावाच्या अधिकाऱ्याने तेथे गवताने शाकारलेले लाकडी घरकुल उभारले. १८२२ मध्ये कॅप्टन चार्ल्स प्रॅट केनेडीने पक्के घर बांधले. १८६४ मध्ये व्हाइसरॉय जॉन लॉरेन्सने सिमल्याला उन्हाळी राजधानीचा दर्जा दिला, आणि दरवर्षी अर्धे वर्ष अवघ्या हिंदुस्थानचा कारभार समुद्रसपाटीपासून सुमारे २२०० मीटर उंचीवरच्या एका अरुंद कड्यावरून चालू लागला. कचेऱ्या आल्या, क्लब आले, नाचाचे दिवाणखाने आले. नाचायला तर गुळगुळीत, न डुगडुगणारी लाकडी जमीनच हवी.

९/
सुरुवातीची बरीच घरे पहाडी साहित्यातच उभी राहिली. देवदाराचा सांगाडा, त्याच्या चौकटींत दगडमाती भरलेल्या ‘धज्जी’ भिंती, आणि आत फळ्यांची जमीन. व्हाइसरॉयचे निवासस्थान होते ‘पीटरहॉफ’. ते साम्राज्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला शोभण्याइतके मोठे नाही, ही तक्रार एकामागून एक व्हाइसरॉय करीत राहिले. अखेर लॉर्ड डफरिनच्या कारकीर्दीत ऑब्झर्व्हेटरी हिलवर नवा प्रासाद उभा राहिला. वास्तुविशारद हेन्री आयर्विन, वर्ष १८८८. हाच ‘व्हाइसरीगल लॉज’. १९६५ पासून तेथे भारतीय उच्च अध्ययन संस्था आहे.

१०/
या प्रासादाच्या दिवाणखान्यात शिरताच डोळ्यांत भरते ते लाकूड. तीन मजले चढत जाणारा जिना, सज्जे, भिंतींचे तक्ते. यांतील साग आला ब्रह्मदेशातून. जोडीला स्थानिक देवदार आणि अक्रोड. म्हणजे दारात देवदाराचे अरण्य असताना मुख्य मान मिळाला तो समुद्रापलीकडून आणलेल्या लाकडाला. कालका-सिमला रेल्वे धावू लागली १९०३ साली. त्याआधी कालक्यापासून वरचा प्रवास बैलगाड्यांवर, खेचरांवर आणि माणसांच्या पाठीवर चाले.

११/
‘माणसांच्या पाठीवर’ हे शब्द घाईने ओलांडू नका. सिमल्याभोवतीच्या पहाडी संस्थानांत ‘बेगार’ नावाची प्रथा होती. सरकारी माणसाचे सामान गावकऱ्यांनी वाहून न्यायचे, शेत सोडून, नगण्य मोबदल्यावर किंवा फुकट. या प्रथेविरुद्ध १९२०-२१ च्या सुमारास सत्यानंद स्टोक्स यांनी झुंज दिली. हिमाचलात सफरचंदाच्या बागा रुजवणारे म्हणून ज्यांना आज सारे ओळखतात, तेच हे. डोंगरावरच्या घराची किंमत मोजताना लाकडाचा भाव आणि सुताराची मजुरी कागदावर येते. वाहतुकीचा हा भाग बहुधा कागदावर येत नाही.

१२/
लाकूड वर पोहोचले, की बसवायचे कसे? आधी घाई टाळायची. फळ्या आणल्या त्या दिवशी ठोकायच्या नाहीत. ज्या खोलीत बसवायच्या, तेथेच मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रचून काही आठवडे ठेवायच्या. लाकडाला नव्या हवेची सवय होऊ द्यायची. मग जमिनीपासून उंच, दगडी ठोकळ्यांवर तुळया बसवायच्या. तुळयांखालची पोकळी बंद करायची नाही. बाहेरच्या भिंतीत जाळीदार झरोके ठेवायचे. खालून वारा वाहता राहिला नाही, तर फळीची खालची बाजू भिजते, वरची सुकते, आणि फळी वाटीसारखी वाकते.

१३/
पुढची पायरी जोडाची. एका फळीच्या कडेला खाच, दुसरीच्या कडेला जीभ. जीभ खाचेत बसली, की फळी आकसली तरी फट आरपार दिसत नाही आणि गार वारा वर येत नाही. खिळा वरून मारायचा नाही. जिभेच्या मुळाशी तिरका मारायचा, म्हणजे पुढची फळी तो झाकून टाकते. खिळा एकाच कडेला असल्याने फळीला फुगायला-आकसायला मोकळीक राहते. आणि भिंतीलगत चारही बाजूंनी फट सोडायची. ती भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीखाली लपते. ही फट न सोडणाऱ्याची जमीन पहिल्याच पावसाळ्यात मधोमध उचलली जाते.

१४/
आपल्या सह्याद्रीत प्रश्न आणखी बिकट. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक अवघ्या चार महिन्यांत. तेथील बंगल्यांना पावसाळ्यापूर्वी गवताच्या झड्या लावून चहूबाजूंनी गुंडाळून टाकण्याची रीत होती. घराला जणू घोंगडी पांघरायची! भिंत भिजली, की तिच्यात खोचलेले तुळईचे टोक आधी कुजते. वरची फळी मग नुसती निमित्तमात्र कोसळते. म्हणून डोंगरावर जमीन टिकवायची, तर सुरुवात छपराच्या पागोळ्यांपासून करावी लागते.

१५/
आता तो साग आला कुठून, ते पाहू. आरंभी इंग्रजांची मदार होती मलबार आणि कोकणच्या किनाऱ्यावर. मुंबईच्या गोदीसाठी तोड इतकी झाली, की १८४० च्या दशकात निलांबूर येथे कलेक्टर कोनोली यांना सागाची लागवड हाती घ्यावी लागली. चातू मेनन यांनी ती रुजवली. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन पहिले वनसंरक्षक झाले. सागाचे झाड कड्यांना-तुळयांना योग्य व्हायला माणसाचे आयुष्य जाते, आणि कुऱ्हाडीला एक दुपार पुरते. हा हिशेब सरकारला उशिरा कळला.

१६/
हाच हिशेब मराठी राज्याने आधी मांडला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या प्रकरणी लाकडाविषयी स्पष्ट सूचना आहेत. साग-शिसवासारखे लाकूड हुजूरच्या परवानगीने तोडावे. आणखी लागेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर मालकाला राजी करून, द्रव्य देऊनच घ्यावे. लाकूड घेणाऱ्याने झाडाच्या धन्याचे मन विचारावे, हे तत्त्व येथे राजनीतीच्या ग्रंथात आहे.

१७/
ब्रह्मदेशात काय घडले? १८२६ मध्ये तेनासेरिम आणि १८५२ मध्ये पेगू इंग्रजांच्या हाती आले. १८५६ मध्ये डीट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ पेगूच्या सागवनांचा प्रमुख झाला. पुढे १८६४ मध्ये तोच हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक. तेथे तोडीची एक खास रीत होती. उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि बाहेरचे लाकूड गाभ्यापर्यंत वलयाकार कापायचे, आणि झाड दोन-तीन वर्षे जागच्या जागी वाळू द्यायचे. कारण ओला साग पाण्यात बुडतो, वाळलेला तरंगतो. मग हत्ती ओंडके ओढीत ओढ्यांपर्यंत आणीत, आणि पुराचे पाणी ते मोठ्या नद्यांना पोहोचवी.

१८/
या व्यापारात एक मुंबईकर नाव शिरले. १८६३ मध्ये मुंबईत ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ स्थापन झाली. वॉलेस बंधू हे तिचे कर्तेधर्ते. कंपनीने उत्तर ब्रह्मदेशाच्या स्वतंत्र राजाकडून निंग्यानच्या अरण्यातील साग तोडण्याचे मक्ते मिळवले. राजा होता थिबा, राजधानी मंडाले. त्या राजधानीचा राजवाडाही सागाचाच. थिबाचा पिता मिंडॉन याने १८५७ नंतर तो उभारला. मिंडॉनचा मृत्यू ज्या दालनात झाला, ते थिबाने राजवाड्याबाहेर हलवून मठाला दिले. म्हणूनच ते ‘श्वेनांदॉ’ मठाच्या रूपाने आज उरले आहे. बाकी राजवाडा दुसऱ्या महायुद्धात १९४५ साली भस्मसात झाला.

१९/
१८८५ मध्ये ठिणगी पडली. कंपनीने ओंडक्यांची संख्या कमी दाखवून राजाचा महसूल बुडवला, असा निवाडा मंडालेच्या मंत्रिमंडळाने दिला आणि सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीने इंग्रज सरकारकडे धाव घेतली. ऑक्टोबर १८८५ मध्ये निर्वाणीचा खलिता निघाला. नोव्हेंबरमध्ये जनरल प्रेंडरगास्टच्या फौजा इरावतीतून जहाजांनी वर सरकल्या. २८ नोव्हेंबरला मंडाले पडले. दुसऱ्याच दिवशी राजा-राणीला नदीवर आणून बोटीत बसवण्यात आले. १ जानेवारी १८८६ रोजी त्या राज्याचे विलीनीकरण जाहीर झाले.

२०/
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध राहावे. ‘फक्त लाकडासाठी युद्ध झाले’ हे वाक्य आकर्षक आहे, पण अपुरे आहे. फ्रान्स आणि थिबा यांच्यात जानेवारी १८८५ मध्ये करार झाला होता, त्याचे भय लंडनला होते. चीनकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेची आशा होती. भारतमंत्री रँडॉल्फ चर्चिलचे राजकारण होते. आणि दक्षिण ब्रह्मदेशातील साग आधीच इंग्रजांच्या हाती असल्याने सिमल्याच्या जिन्यासाठी मंडाले जिंकण्याची गरज नव्हती. ओंडक्यांचा तंटा हे निमित्त ठरले. पण एका राज्याचा शेवट करायला लाकडाच्या मोजणीचे निमित्त पुरले, ही गोष्ट त्या काळी सागाचे मोल काय होते ते सांगते.

२१/
आता दोन घरे शेजारी ठेवून पाहा. युद्धाचा हुकूम देणारा व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन. तो १८८८ च्या जुलैत सिमल्याच्या नव्या प्रासादात राहायला गेला, ज्यातील साग ब्रह्मदेशाचा. त्याच वर्षी त्याला मिळालेल्या उमरावीच्या किताबात ‘आव्हा’ हे नाव जोडले गेले. आव्हा म्हणजे ब्रह्मी राजांची जुनी राजधानी. आणि थिबा? त्याला आधी मद्रासला आणि मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवले. सुमारे चोवीस वर्षे भाड्याच्या बंगल्यांत काढल्यावर १९१० मध्ये खाडीकडे पाहणारा नवा वाडा त्याच्यासाठी तयार झाला. डिसेंबर १९१६ मध्ये तो तेथेच वारला.

२२/
रत्नागिरीचा हा थिबा राजवाडा आजही पाहता येतो. कोरीव लाकडी खिडक्या, उतरती छपरे, समोर भाट्याची खाडी. ज्याच्या अरण्यांतून हत्ती साग ओढीत, त्या राजाला परक्या सरकारच्या तनख्यावर, परक्या मुलखात, पोलिसांच्या पहाऱ्यात तीस वर्षे घालवावी लागली. सिमल्याचा जिना चढताना रत्नागिरीची ही खिडकी आठवावी. एकाच दशकाचे हे दोन धागे आहेत, आणि एका टोकाला ओढले की दुसरे हलते.

२३/
घरचे रानही या भुकेतून सुटले नाही. १८७८ च्या वनकायद्यानंतर डोंगर आणि गायराने राखीव होऊ लागली. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याने शेतकऱ्याची गुरे चारण्याची जागा कशी गिळली, याचा संताप आहे. ठाणे-कुलाब्याकडच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. उत्तरेत देवदारांची तोड रेल्वेच्या स्लीपरांसाठी चालली होती. हर्सिलचा ‘पहाडी’ विल्सन भागीरथीच्या प्रवाहात ओंडके सोडून धनाढ्य झाला. म्हणजे राजधानीत साग चढत होता आणि आदिवासी व शेतकरी यांच्या झोपडीची कुडाची काठीही कायद्यात अडकत होती.

२४/
लाकडी घरांचा आणखी एक वैरी म्हणजे आग. डोंगरावर हिवाळ्यात शेगड्या पेटतात, हवा कोरडी असते, पाणी गोठलेले किंवा दूर असते, आणि जमिनीखालची ती वारा खेळणारी पोकळीच ज्वाळांची वाट बनते. व्हाइसरॉयचे जुने निवासस्थान पीटरहॉफ जानेवारी १९८१ मध्ये जळाले. गॉर्टन कॅसल या कचेरीच्या इमारतीला जानेवारी २०१४ मध्ये आगीने वेढले. दोन्ही वेळा महिना तोच, हे योगायोगाचे नव्हे. त्याउलट ४ एप्रिल १९०५ च्या कांगडा भूकंपात सुमारे वीस हजार माणसे गेली, आणि लाकडाने बांधलेल्या लवचीक घरांचे मोल तेव्हा कळले. एकच गुण एका संकटात तारतो आणि दुसऱ्यात मारतो.

२५/
आता तुमच्यासाठी थोडे शोधकार्य. जुन्या लाकडी जमिनीवर उभे राहाल तेव्हा चार गोष्टी पाहा. फळीची रुंदी : रुंद फळी म्हणजे जुने, दांडगे झाड, अरुंद फळी म्हणजे नंतरचा यांत्रिक कारखाना किंवा रानात उरलेली लहान झाडे. करवतीची खूण (फळीची खालची बाजू दिसली तर) : हाताच्या करवतीची रेघ सरळ पण वेडीवाकडी, चक्री करवतीची कमानदार. खिळ्याचे डोके : दिसते की लपवले आहे? आणि भिंतीकडची फट : ती ठेवणाऱ्याला तिथला पावसाळा ठाऊक होता. पुस्तकाविना वाचता येणारा हा दस्तऐवज आहे.

२६/
आज कोणी डोंगरावर घर बांधत असेल, तर या इतिहासातून उपयोगाचे काही निघते. लाकूड नीट मुरलेले घ्यावे. घाईने आणलेली ओली फळी पैशाचे पाणी करते. फार रुंद फळ्यांचा मोह टाळावा. थर जोडून केलेले इंजिनिअर्ड लाकूड कमी हलते, म्हणून टोकाच्या हवामानात ते शहाणपणाचे. जुन्या वाड्यांचा मोडीतला साग मिळाला, तर त्यासारखे दुसरे नाही. त्याचे सुरुवातीचे वाळणे-आकसणे केव्हाच होऊन गेलेले असते; ऋतूंप्रमाणे थोडे हलणे मात्र चालूच राहते. आणि जवळचे लाकूड आधी पाहावे, काठकुणीवाल्यांनी पाहिले तसे.

२७/
‘बर्मा टीक’ ही पाटी दुकानात अजून झळकते. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल ओंडक्यांची निर्यात बंद केली. २०२१ च्या लष्करी उठावानंतर अमेरिका आणि युरोपीय संघ यांनी तेथील सरकारी लाकूड महामंडळावर निर्बंध घातले, कारण सागाचा पैसा कोणाच्या हाती जातो, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. १८८५ मध्ये ओंडके किती, याची मोजणी कोणी खरी करावी यावरून राज्य गेले. आज तीच मोजणी परवान्यांच्या आणि दाखल्यांच्या कागदांवर होते. विकत घेणाऱ्याने तो कागद मागावा. आज्ञापत्राने सांगितलेला मालकाचा रुकार या काळात असाच विचारता येतो.

२८/
हा धागा येथे थांबवू. तुमच्या गावच्या वाड्यात, माथेरान-महाबळेश्वरच्या एखाद्या बंगल्यात, आजोळच्या माडीवर जुनी लाकडी जमीन असेल, तर तिचे छायाचित्र आणि फळीची रुंदी खाली प्रतिसादात जरूर लिहा. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, लाकूड कोणत्या रानातून आले होते आणि सुतार कोण होता. ही उत्तरे दप्तरखान्यात नसतात. आणि ती सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.